चौघांत एकच योद्धा भारी पडतो तेव्हा: २०२४ चे ‘डंजन मास्टर्स गाइड’

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या सुधारित नियमांचे ‘डंजन मास्टर्स गाइड’, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरसाठीचे (डीएमसाठीचे) पुस्तक, नोव्हेंबर २०२४ मध्ये आले. २०१४ च्या आवृत्तीची ३२० पाने होती, हिची ३८४ आहेत. त्यातील ग्रेहॉकचे कल्पित जग किंवा पात्रांनी उभारायचे गड यांचे आकर्षण मला नव्हते. मी हे पुस्तक एकाच अडचणीपायी घेतले. मी डीएम असलेल्या टेबलावरील चार पात्रांपैकी एक इतके बलाढ्य झाले होते की लढाई सुरू झाली की उरलेल्या तिघांनी नुसते बघत बसायचे.

हे पात्र पाचव्या लेव्हलचा एल्ड्रिच नाइट (मंत्रही टाकणारा फायटर, म्हणजे योद्धा). प्लेट चिलखताचे १८, ढालीचे २ आणि ‘डिफेन्स’ शैलीचा १ मिळून त्याचा आर्मर क्लास (हल्ला लागण्यासाठी शत्रूने गाठायचा आकडा) २१. त्यावर ‘शील्ड’ मंत्र टाकला की पुढच्या पाळीपर्यंत २६. (दोन्ही हातांत तलवार आणि ढाल असताना मंत्राची हस्तमुद्रा करण्यासाठी ‘वॉर कास्टर’ फीट, म्हणजे निवडून घ्यायची एक खास क्षमता, लागते, हे पुष्कळ टेबलांवर सोयीस्करपणे विसरले जाते, आमच्या खेळाडूने ती रीतसर घेतली असल्यामुळे ही पळवाटही मला उरली नव्हती.) ट्रोल हा राक्षस +७ ने हल्ला करतो, म्हणजे फाशावरील आकड्यात ७ मिळवतो. २६ गाठायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर १९ किंवा २० पडावे लागतात, म्हणजे दहा हल्ल्यांत सरासरी एकच लागतो. शेजारच्या १३ आर्मर क्लासच्या विझार्डला (जादूगाराला) मात्र तोच ट्रोल चारांपैकी तीनदा झोडपतो. नाइटला घाम फोडेल असा शत्रू आणावा तर विझार्ड पहिल्या फेरीतच आडवा होतो, आणि विझार्डला झेपेल असा आणावा तर नाइटला जांभया येतात.

नव्या पुस्तकातील चकमकी रचण्याचे गणित सुटसुटीत आहे, यात शंका नाही. पाचव्या लेव्हलच्या प्रत्येक पात्रामागे मध्यम चकमकीसाठी ७५० आणि अवघड चकमकीसाठी ११०० एक्सपी (अनुभवाचे गुण, इथे शत्रूंची ताकद मोजण्याचे माप) धरायचे, त्यांची बेरीज करायची आणि त्या मर्यादेत बसतील एवढे शत्रू आणायचे. जुन्या पुस्तकात शत्रूंच्या संख्येप्रमाणे दीडपट, दुप्पट, अडीचपट असे गुणक लावत बसावे लागे, ते आता गेले. एका ट्रोलचे १८०० म्हणून दोघांचे ३६००, चौघांची मर्यादा ४४००. हिशेब चुटकीसरशी होतो. परंतु ही बेरीज चारही पात्रांना एकाच मापाने मोजते, आणि माझी अडचण नेमकी पात्रे एका मापाची नसण्याची होती.

उत्तर सापडले ते जुन्या पुस्तकात. पात्रांचा चमू एका दिवसात मध्यम किंवा अवघड अशा सहा ते आठ चकमकी पेलू शकतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे, आणि पाचव्या लेव्हलच्या पात्रासाठी दिवसाची मर्यादा ३५०० एक्सपी दिली आहे. नव्या आवृत्तीतून हा भाग वगळला गेला, आणि माझ्या मते या पुस्तकातील ही सर्वांत मोठी उणीव आहे. कारण या नाइटकडे स्पेल स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) अवघे तीन असतात आणि ते लाँग रेस्टनंतरच (रात्रभराच्या विश्रांतीनंतरच) परत मिळतात. आम्ही रविवारी तीन तास खेळतो. तेवढ्यात एक मोठी लढाई होते आणि मग पात्रे झोपी जातात, त्यामुळे तीनही ‘शील्ड’ त्या एकाच लढाईत उधळायला तो मोकळा असे. मी एका विश्रांतीआधी चार चकमकी ठेवल्या आणि कथेतला एक दिवस दोन रविवारांवर पसरवला. तिसऱ्या चकमकीत त्याचे स्लॉट संपले, २१ वर ट्रोलचा हल्ला वीसांत सात वेळा लागू लागला, आणि विझार्डने राखून ठेवलेल्या फायरबॉल या अग्निमंत्राची वाट पाहण्याची पाळी प्रथमच नाइटवर आली.

खेळाडूंशी कसे वागावे याबाबत मात्र नवे पुस्तक पुष्कळच उजवे आहे. नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे आणि त्यांचा अर्थ सद्भावनेने लावायचा असतो, हे त्यात इतक्या सरळपणे सांगितले आहे की नियमांतील फटी शोधणाऱ्या खेळाडूपुढे ते पान उघडून ठेवले तरी निम्मा वाद मिटावा. आमचा नाइट तसा नव्हता. त्याने नियमांत राहूनच हे साधले होते, त्यामुळे त्या पानाचा मला उपयोग झाला नाही.

आणखी एक वगळलेली गोष्ट मला खटकते. जुन्या पुस्तकात स्वतःचे राक्षस घडवण्यासाठी कोष्टक होते: चॅलेंज (राक्षसाच्या ताकदीची पातळी) ५ असेल तर आर्मर क्लास १५, हिट पॉइंट (जीवशक्ती) १३१ ते १४५, हल्ला +६, सेव्हिंग थ्रोचा (मंत्रासारखा मारा टाळण्यासाठी टाकायच्या फाशाचा) आकडा १५. चिलखताला बगल देऊन विझ्डमच्या (मनोबलाच्या) सेव्हिंग थ्रोवर मारा करणारा शत्रू घडवायचा तर याच कोष्टकाचा आधार लागतो, कारण फायटरची नैसर्गिक पकड स्ट्रेंग्थ (ताकद) आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) या दोन थ्रोंवरच असते. तसा शत्रू चार लढायांत एकदा यावा; प्रत्येक वेळी आला तर आपल्यालाच लक्ष्य केले जात आहे हे खेळाडूला लगेच कळते.

पहिल्यांदाच डीएम होणाऱ्याने नवी आवृत्ती जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे २०१४ ची प्रत आहे त्यांनी ती विकून नवी घेऊ नये. माझ्या जुन्या प्रतीत दिवसाच्या मर्यादेच्या पानावर आणि राक्षसांच्या कोष्टकावर खुणेच्या चिठ्ठ्या अजून तशाच आहेत.