जूनपासून हर्षा भोगले ऐकतोय: लातूरच्या आडतीवरचा अनुभव

जून २०२५ मध्ये लीड्सला आपल्या फलंदाजांनी पाच शतकं ठोकली आणि तरीही कसोटी गेली. असं झालंच कसं, हे कुणीतरी नीट समजावून सांगावं म्हणून मी क्रिकबझ या क्रिकेटच्या संकेतस्थळावर समालोचक हर्षा भोगले ऐकायला लागलो आणि मग ती सवयच लागली. सामन्यानंतरच्या गप्पा, खेळाडूंच्या लांब मुलाखती, आणि क्रिकइन्फोवर त्यांनी पूर्वी लिहिलेले स्तंभ, असं सगळंच. मधल्या काळात ओव्हलची सहा धावांची जीत झाली, आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, दक्षिण आफ्रिकेनं आपल्याला घरात येऊन २-० असं धुतलं. म्हणजे आनंद, राग, सुतक सगळ्या प्रकारच्या दिवसांत हा माणूस ऐकून झालाय. माझं मत आता पक्कं आहे: क्रिकेट समजून घ्यायचं असेल तर उत्तरं देणाऱ्या माजी खेळाडूंपेक्षा नीट प्रश्न विचारणारे भोगले जास्त कामाला येतात. आणि त्यांचं लेखन त्यांच्या बोलण्याहून सरस आहे.

माझं भुसार आडतीचं दुकान आहे. दिवसभर सौदा, मापं, हमालांचा हिशोब यात डोकं वर काढता येत नाही. ऐकायला वेळ मिळतो तो रात्री, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशोब, करताना. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनं सोयाबीनची माती झाली, आलेला माल डागी, ओला. आकडे लिहितानाही जीव रमत नव्हता. त्या दिवसांत कानात कुणीतरी शांतपणे बोलणारा होता, याचा मला फार आधार वाटला. आरडाओरडा करणारे क्रिकेटचे कार्यक्रम तेव्हा दोन मिनिटंही सहन झाले नसते.

आता वादाचं. आमच्या दुकानात हा वाद कायम पेटलेला असतो. आमचे मुनीम, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेले. त्यांचा आक्षेप एकच.

"तू त्याला काय ऐकायलास? त्यो कुठं खेळलाय?"

हा आक्षेप फक्त मामांचा नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये ईडन गार्डन्सवर भारतात पहिल्यांदा दिवस-रात्र कसोटी झाली, समोर बांगलादेश. त्यांच्या फलंदाजांच्या हेल्मेटवर चेंडू आदळत होते, दोघांच्या जागी बदली खेळाडू घ्यावे लागले. दिवस-रात्र कसोटीत वापरतात तो गुलाबी चेंडू नीट दिसतोय का हे खेळाडूंना विचारायला हवं, असं भोगले समालोचन करताना म्हणाले. शेजारी बसलेले संजय मांजरेकर म्हणाले की विचारायची गरज तुम्हाला. आम्ही खेळलेले आहोत, आम्हाला कळतं. पुढे मांजरेकरांनी स्वतःच ते चुकल्याचं मान्य केलं. मला त्यातली भोगलेंची बाजू महत्त्वाची वाटते. ते चिडले नाहीत. खेळलो म्हणजे शिकणं संपलं असं होत नाही, अशा अर्थाचं बोलून ते आपल्या मुद्द्यावर कायम राहिले. आणि प्रश्न बरोबरच होता की! मांजरेकर लाल चेंडूवर खेळलेले. गुलाबी चेंडू दिव्यांच्या उजेडात कसा दिसतो हे त्या दिवशी मैदानावर असलेल्यांनाच ठाऊक.

मामांना मी हेही सांगितलं की भोगले अगदीच न खेळलेले नाहीत. हैदराबादला ए डिव्हिजन क्रिकेट खेळले, उस्मानिया विद्यापीठाकडून विद्यापीठांच्या रोहिंटन बारिया स्पर्धेत उतरले. एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवर समालोचन करू लागले. उस्मानियाचं नाव काढल्यावर मामा जरा नरमले. त्यांच्या वडिलांच्या पिढीला शिक्षण, कोर्टकचेरी, दवाखाना सगळ्याला हैदराबादच जवळ होतं. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो, त्यामुळं हैदराबादचा माणूस इथं परका ठरत नाही. तरी "खेळलेला वेगळा आन् बघितलेला वेगळा" हे त्यांचं पालुपद चालूच आहे.

माझं म्हणणं असं की बघितलेल्यालाच विचारावं लागतं, म्हणून ऐकणाऱ्याचा फायदा होतो. दोन माजी खेळाडू बोलायला बसले की अर्धी गोष्ट आपसात गृहीत धरतात. "लेंग्थ मागे घेतली" (चेंडूचा टप्पा आखूड केला) एवढं म्हणून पुढे जातात. भोगले तिथं थांबवतात. मागे म्हणजे किती? का? कर्णधारानं सांगितलं की तुझं तू ठरवलं? फलंदाजाला ते कधी कळलं? समोरच्याला मग उलगडून सांगावंच लागतं. प्रश्न विचारून झाल्यावर ते मध्ये बोलत नाहीत, हेही मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकलंय. समोरचा अडखळला तरी त्याला वेळ देतात. आपल्याकडच्या मुलाखतींत प्रश्न विचारणाराच उत्तर देऊन मोकळा होतो, त्याच्यापुढं हे फार मोठं वाटतं.

सामन्यानंतर लगेच होणाऱ्या गप्पा मात्र मला तितक्या भरीव वाटल्या नाहीत. कोलकात्याला १२४ चा पाठलाग करताना आपण ९३ मध्ये आटोपलो, त्या संध्याकाळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. खेळपट्टी, प्रशिक्षक गौतम गंभीर, संघनिवड, सगळं एकदम. अशा वेळी कितीही समतोल माणूस असला तरी बोलणं वरवरचं होतं. पुन्हा क्लिपांचे छोटे तुकडे पाडून टाकलेले, वर भडक मथळा, आत बोललेलं साधंच. सलग ऐकायचं तर पूर्ण भाग शोधून काढावा लागतो.

स्तंभांचं तसं नाही. जुने आहेत, त्यातले खेळाडू निवृत्त झाले, काही तर आता प्रशिक्षक झाले. पण वाचताना शिळं वाटत नाही. भोगले एका लेखात एकच प्रश्न घेतात आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहतात. रागाच्या भरात लिहिलेलं नाही हे दोन परिच्छेदांत कळतं. माणूस केमिकल इंजिनिअर, पुढे अहमदाबादच्या आयआयएमचा. त्यामुळं असेल, पण गुणवत्ता असूनही संघ का हरतात, निवड करणाऱ्याच्या मनात काय चालतं, असल्या विषयांवर त्यांचं लिहिणं मला धंद्यातही उपयोगी पडलं. इंग्रजी सोपं आहे. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, तरी अडत नाही. बोलण्याचा वेग मात्र जास्त आहे. मी तो थोडा कमी करून ऐकतो.

दुसरा आक्षेप आमच्या पीटीच्या सरांचा, आणि तो मला मामांच्या आक्षेपापेक्षा जड वाटतो. सर म्हणतात, भोगले सगळ्यांशी गोड. मोठ्या खेळाडूला थेट बोल लावत नाहीत. यात तथ्य आहे. धोरण, वेळापत्रक, प्रेक्षकांची गैरसोय यावर ते स्पष्ट बोलतात, पण एखाद्या बड्या फलंदाजाचे दिवस संपलेत हे म्हणायची वेळ आली की वाक्य लांबत जातं. ऐकणाऱ्याला निष्कर्ष स्वतः काढावा लागतो. सरांना ते पटत नाही, मला चालतं. तरी हा दोष आहेच.

पण त्यामागं काय असू शकतं हेही पाहावं. २३ मार्च २०१६ ला बंगळुरूत आपण बांगलादेशला एका धावेनं हरवलं. त्या रात्री अमिताभ बच्चन यांनी कुणाचं नाव न घेता लिहिलं की भारतीय समालोचकानं आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. धोनीनं त्याला दुजोरा दिला. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू झाली तर भोगले समालोचकांत नाहीत. क्रिकेट मंडळानं जाहीर कारण दिलं नाही, आपल्यालाही कुणी सांगितलेलं नाही असं भोगलेंनीच लिहिलं. ज्या पेशात असं होऊ शकतं, तिथं माणूस शब्द तोलून वापरणार.

तो एप्रिल लातूरकर विसरणं शक्य नाही. १२ तारखेला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मैदानाला पाणी किती लागतं, ते पिण्याचं की प्रक्रिया केलेलं, यावर देशभर चर्चा झाली आणि त्या चर्चेत आमच्या गावाचं नाव होतं. सामना चालू असताना समालोचक यावर फार बोलू शकत नाही, हे मी समजू शकतो. पण पॉडकास्टला कुणाची आडकाठी नसते. खेळाच्या कडेला असलेले असे विषय तिथं तासभर चालवता येतात. भोगलेंकडून मला तेच जास्त हवंय.

आमच्या वादात तिसरा आवाज आहे माझ्या पुतणीचा. ती ऑफस्पिन टाकते, दीप्ती शर्मा तिचा जीव की प्राण. सप्टेंबर २०२२ मध्ये लॉर्ड्सवर दीप्तीनं इंग्लंडच्या चार्ली डीनला, चेंडू टाकायच्या आधीच ती क्रीज (फलंदाजाची रेषा) सोडून पुढे गेली म्हणून, गोलंदाजीच्या टोकाला धावबाद केलं. डीन ४७ वर होती, आपण १६ धावांनी जिंकलो, झूलन गोस्वामीचा तो शेवटचा सामना. इंग्लंडमध्ये केवढा गदारोळ! तेव्हा भोगलेंनी ट्विटरवर लांबलचक लिहिलं: नियमात राहून खेळलेल्या मुलीला जाब विचारताय, आणि क्रीज सोडून फायदा घेणारीला कुणीच काही विचारत नाही. आपलं चांगल्या-वाईटाचं माप जगानं मानावं ही इंग्लंडची जुनी सवय आहे, असाही रोख होता. बेन स्टोक्सनं त्यावर उत्तर दिलं, मग दोन्हीकडून ट्विटांचा पाऊस पडला.

हे मी दुकानात वाचून दाखवलं तर सर म्हणाले, "नियमात असलं तरी बरं दिसत नाही." पुतणी तिथंच होती. तिनं फरशीवर सोयाबीनचे दाणे एका रेषेत मांडून क्रीज केली, पेनाचं टोपण म्हणजे डीन, आणि खडूचा तुकडा म्हणजे चेंडू. "सर, बघा. चेंडू हातातून सुटायच्या आधी ही इथपर्यंत येती. मी इकडं धावत यायलेय, माझं लक्ष समोर. तिला एक पाऊल फुकट मिळालं की शेवटच्या षटकात दोन धावा झाल्याच." टोपण तिनं दाण्यांच्या पुढं बोटभर सरकवलं. डीन आधीपासूनच असं निघत होती, हे नंतर चित्रफिती तपासणाऱ्यांनी दाखवलंही होतं. सर काही बोलले नाहीत, पण टोपण उचलून परत रेषेत ठेवलं आणि पुन्हा सरकवून पाहिलं. सरांना गोडबोले वाटणाऱ्या भोगलेंनी तिथं गुळमुळीत भूमिका घेतली नव्हती, हे मी त्यांना त्याच दिवशी ऐकवलं. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच दीप्तीनं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ५८ धावा आणि पाच बळी काढले, तेव्हा आमच्या घरात फटाके वाजले.

आता माझी स्वतःची तक्रार, आणि ती मनापासूनची आहे. छोट्या गावांतून आलेल्या मुलांबद्दल भोगले प्रेमानं बोलतात. भूक, जिद्द, आईबापांचे कष्ट. ते खरंच आहे. पण त्या मुलाला सराव कुठं मिळाला, लेदर बॉलचे सामने वर्षात किती, निवड चाचणीला पुण्याला जायचं तर रात्रभर गाडीत बसून सकाळी थेट नेटमध्ये कसं उभं राहायचं, याचा तपशील माझ्या ऐकण्यात आला नाही. बीडचा सचिन धस घ्या. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी. २४५ करायच्या आणि ४ बाद ३२. तिथून धस आणि उदय सहारणनं १७१ जोडल्या. धस ९५ चेंडूंत ९६. आपण दोन गडी राखून जिंकलो. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरनं दोन वर्षं आधी तोच विश्वचषक जिंकून आणला होता. बीड आणि धाराशिव, दोन्ही जिल्ह्यांची ओळख दुष्काळ आणि ऊसतोड अशी करून दिली जाते. तिथं हे घडतं कसं, हा प्रश्न भोगलेंसारख्यानं विचारला तर चांगलं उत्तर बाहेर येईल.

आणि एक कसोटी तर त्यांच्यासाठीच राखून ठेवल्यासारखी आहे. ३ डिसेंबर २००१, मोहाली, समोर इंग्लंड. त्या दिवशी बीडला जन्मलेले संजय बांगर आणि औरंगाबादचे, म्हणजे आजच्या संभाजीनगरचे, इक्बाल सिद्दिकी यांनी एकाच वेळी कसोटी पदार्पण केलं. आपल्याला शेवटी फक्त पाच धावा हव्या होत्या. सलामीला पाठवलं सिद्दिकींना, एका वेगवान गोलंदाजाला, आणि त्यांनी काम फत्ते केलं. ती त्यांची एकमेव कसोटी ठरली. बांगर पुढच्या वर्षी त्याच लीड्सला द्रविडसोबत १७० धावा जोडून उभे राहिले, ६८ काढल्या, आपण डावानं जिंकलो. मराठवाड्याचे दोघं एका संघात, एकाच दिवशी कसोटीची टोपी, आणि याबद्दल मला एकही सलग कार्यक्रम सापडला नाही.

बांगर आता भोगलेंच्याच पेशात आहेत, समोर बसवणं अवघड नसावं. सिद्दिकींनाही बोलवावं. मग विचारावं: सलामीला जा हे कुणी सांगितलं? पॅड बांधताना काय वाटलं? त्या वेळी बीडहून आणि औरंगाबादहून वर यायचं तर पहिलं दार कुठलं ठोठवायचं होतं, आणि बांगरना रेल्वेच्या संघाकडून का खेळावं लागलं?