दिवाळीच्या भेटींवर बांधायच्या कापडी कोयऱ्या-चांदण्या: फेल्ट, खण की घरातलं जुनं लुगडं?

फराळाचे डबे, भाऊबीजेची भेट, लेकीच्या सासरी जाणारी पिशवी, यावर चकचकीत रिबीन चिकटवण्यापेक्षा हाताने शिवलेली छोटीशी कोयरी बांधावी असं मनात असेल तर पहिला प्रश्न कापडाचाच येतो. मी तिन्ही कापडांत शिवलंय आणि माझ्या मते हे कापड कुठलं सुंदर यावर ठरवायचं नाही, तर हातात दिवस किती आहेत आणि डबा कोणाच्या घरी जाणार आहे यावर ठरवायचं.

आधी फेल्ट, कारण त्यात सांगण्यासारखं कमी आहे. फेल्ट विणलेलं नसतं, तंतू एकमेकांत दाबून बनवलेलं असतं, त्यामुळे कापलं की दशा निघत नाहीत, माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड, सोडायला नको, उलटवायला नको, दोन सारखे आकार एकावर एक ठेवायचे, कडेने काजटाका घालायचा, शेवटची दोन बोटं जागा राहिली की जुन्या उशीतलं थोडं फायबर भरायचं आणि बंद करायचं. मला एका चांदणीला 15-20 मिनिटं लागतात. शाळेतली मुलं घरात असतील आणि त्यांना हातात सुई द्यायची असेल तर डोळे झाकून हेच घ्या, माझ्या भाच्याने त्याची पहिली चांदणी फेल्टचीच केली, टाके वाकडे आले तरी कुठे उसवली नाही. पण दुकानात मिळणारं स्वस्त फेल्ट बहुतेक पॉलिएस्टरचं असतं, गरम इस्त्री लागली की वितळतं, पणतीजवळ तर ठेवूच नका, आणि चकलीच्या डब्याचं तेल लागलं की तो डाग काही जात नाही.

खण घेतला तर दिसायला दुसऱ्या कशाशी तुलनाच नाही. मूळचा खण कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा, पारंपरिक विणीत उभे धागे रेशमाचे आणि आडवे सुताचे, म्हणून उजेडात धरलं की त्याचा रंग हलतो, आणि इतकी बारीक नक्षी असते की वर टिकली-मणी काही लावावंसं वाटत नाही. पण शिवणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. दशा इतक्या भराभर निघतात की कापून रात्रभर ठेवलेला तुकडा सकाळी कडेने झालरीसारखा दिसतो. मागच्या वर्षी मी आत्यासाठी कोयरी शिवली, माया जेमतेम पाव इंच सोडली, उलटवून टोक बाहेर काढायला पेन्सिल घातली आणि नेमकं टोकच फुटलं, सगळा आकार गेला, खूप वाईट वाटलं कारण रंग तिच्या आवडीचा होता, गर्द जांभळा आणि लाल काठ. तेव्हापासून मी खण कापायच्या आधी मागून पातळ पेस्टिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावते (इस्त्री कमी गरम आणि मध्ये सुती फडकं, कारण हल्लीच्या खणात कृत्रिम रेशीम बरंच असतं), माया चांगली अर्धा इंच ठेवते आणि बखियाचे टाके बारीक घालते. आणि मुख्य म्हणजे खणाची कोयरी करतच नाही. त्या कोयरीच्या मानेच्या वळणावर कात्रीने खाचा द्याव्या लागतात आणि तिथूनच कापड सुटतं. खणाला सरळ कडांचे आकार द्या, शंकरपाळीसारखा तिरका चौकोन, साधा चौकोनी कंदील, खाली चार धाग्यांचा गोंडा, बस. वेळ मात्र पाऊण तास धराच.

आता तिसरं, जे मला सगळ्यात जवळचं आहे. आजीचं, आईचं मऊ पडलेलं सुती लुगडं. इतक्या धुण्यात रंग जायचा तेवढा जाऊन झालेला असतो, त्यामुळे फिकट रंगाच्या पिशवीवर बांधलं तरी डाग पडायची भीती नाही, मळलं तर साबणाने धुता येतं, वळणावर हवं तसं वळतं, कोयरी, पोपट, हत्ती सगळं जमतं. उलट बाजूने शिवून सुलटं करायचं, कापूस भरायचा आणि मग वरून गोधडीला घालतो तसा धावदोरा कडेकडेने फिरवायचा, अँकरच्या सहा पदरी दोऱ्यातले दोनच पदर घ्यायचे. त्या धावदोऱ्याने कापडाला जी बारीक सुरकुती पडते ना, ती फेल्टला कधीच येत नाही. अर्धा तास पुरतो. एकच काळजी घ्यायची, तुकडा खिडकीसमोर धरून बघा, विरलेला दिसला की दुहेरी घ्या नाहीतर भरताना फाटतो. माझ्या काकूने फराळाचा डबा उघडायच्या आधीच कोयरी हातात घेऊन विचारलं, ही आईच्या लुगड्याची ना? ती कोयरी आजही तिच्या कपाटाच्या किल्लीला आहे.

त्यामुळे मी असं करते. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण 20 दिवस मिळतात. पहिल्या आठवड्यात सख्ख्या नात्यातल्यांसाठी लुगड्याच्या कोयऱ्या, मग जमतील तेवढ्या खणाच्या शंकरपाळ्या, त्या नवीन लग्न झालेल्यांना किंवा लांब परगावी, परदेशी राहणाऱ्यांना, कारण तिथे त्या वर्षभर दाराला टांगल्या जातात. शेजारी, ऑफिस, मुलांचे मित्र यांना फेल्ट, आणि त्यात कमीपणा काही नाही, हाताने शिवलेलंच आहे. ज्यांच्याकडे आठवडाच उरलाय त्यांनी सरळ फेल्टच घ्यावं, खणाच्या नादी लागू नये.

आणि लुगडं कापायला घेतलंत तर काठ आधी सोडवून बाजूला ठेवा. त्याची बोटभर रुंद पट्टी दुमडून शिवली की डब्याला बांधायची फीत तयार होते, आणि कोयरी त्या फितीत सुटी अडकवायची, फेविकॉलने चिकटवायची नाही, म्हणजे डबा रिकामा झाल्यावर ती काढून ठेवता येते.