टपावरचा तंबू: कच्छ-जैसलमेर आणि त्यानंतरचे महिने

जानेवारीत कच्छ आणि जैसलमेर, उन्हाळ्यात तापीकाठचं शेत, श्रावणात तोरणमाळ, आणि आता पोळाही होऊन गेला. गाडीच्या टपावरच्या तंबूबद्दल बोलण्याइतका वापर झालाय. निकाल आधीच सांगतो. रोज संध्याकाळी नव्या जागी मुक्काम करणार असाल तर पैसे वसूल. एकाच जागी दोन-तीन रात्री राहायचं असेल तर जमिनीवरचा साधा तंबू घ्या आणि उरलेल्या पैशांचं डिझेल टाका.

माझा तंबू घडी उलगडणारा, कापडी. लाखाच्या थोडा अलीकडे पडला. वजन साठ किलोच्या आसपास, त्यात कॅरिअर वेगळं. घेण्याआधी गाडीच्या पुस्तकात टपाची मर्यादा बघा, आणि ती मर्यादा चालत्या गाडीची असते हे लक्षात ठेवा. उभ्या गाडीचा टप त्याहून बराच जास्त भार पेलतो, म्हणूनच वर दोन माणसं झोपू शकतात. विकणारे हा फरक सांगत नाहीत, कारण मग गिऱ्हाईक कॅरिअरचं वजन विचारायला लागतं.

आम्ही तिघं होतो. मी, बायको आणि साक्रीचा मेव्हणा. मेव्हण्याला वरचं प्रकरण पटलेलं नव्हतं, त्याने स्वतःचा जमिनीवरचा तंबू आणला. त्यामुळे दोन्हींची तुलना आपोआप होत गेली. जळगावहून धुळे, नवापूर, सुरत, बडोदा, अहमदाबाद, पुढे भचाऊ-रापरवरून धोळावीरा. परतीच्या आधी थराद, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. डिझेलचं म्हणाल तर तंबू चढवल्यावर लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर कमी झाले. ऐंशीच्या वर गेलं की वारा पट्ट्यांना धरून घोंगावतो. त्यावर उपाय फुकटातला आहे: पट्टी ताणण्याआधी तिला एक पीळ द्या, आवाज बंद.

गुजरातेत दारूबंदी आहे, कॅम्पिंगच्या नावाखाली बाटली नेणाऱ्यांनी नवापूरच्या अलीकडेच विचार करावा.

आता मुद्द्याचं. तंबू विकताना पावसाच्या गोष्टी जास्त सांगतात, कापडातून किती पाणी आत येत नाही वगैरे. वाळवंटात खरी परीक्षा वाऱ्याची, धुळीची आणि जमिनीची. धोळावीऱ्याला ज्या घराच्या अंगणात आम्ही पैसे देऊन उतरलो तिथली जमीन इतकी टणक की मेव्हण्याच्या खुंट्या वाकल्या. जैसलमेरजवळ खुरीला उलट, वाळूत खुंटी धरेचना. शेवटी त्याने गाडीतल्या खताच्या रिकाम्या गोण्या काढल्या, वाळू भरून पुरल्या आणि त्यांना दोऱ्या बांधल्या. हा उपाय मात्र पक्का, वारा सुटला तरी तंबू जागचा हलला नाही. आमच्या तंबूला खुंटीची गरजच नव्हती, शिडी खाली ओढली की काम झालं. दहा मिनिटांत बिछाना तयार.

पण रात्री वारा वाढला तेव्हा खालून आवाज आला, "दाजी, तुमना बंगला भलता हाली राहिना!" खरंच हलत होता. वरचं पावसाचं कापड फडफडत होतं, झोप शक्य नव्हती. दुसऱ्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या. एक, गाडी अशी लावायची की तंबूची बिजागरीची, टपावर टेकलेली बाजू वाऱ्याकडे आणि बाहेर लटकणारी बाजू वाऱ्याच्या पाठीला. दोन, आभाळ निरभ्र असेल तर वरचं कापड काढूनच टाकायचं. जैसलमेरकडे हे छान जमलं. रणाकाठी नाही. तिथे पहाटे एवढं दव पडतं की सकाळी गादीची कड ओली. तिथे वरचं कापड ठेवलंच पाहिजे आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्या बोटभर उघड्या, नाहीतर आपल्याच श्वासाचं पाणी होऊन छतावरून टपकतं. जाळी डास अडवते, धूळ नाही. धूळ उडत असेल तेव्हा वाऱ्याकडची खिडकी पूर्ण बंद ठेवा.

थंडीचं वेगळं सांगतो, कारण आपल्याकडची माणसं तिथे फसतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास राहणाऱ्या माणसाला वाटतं, वाळवंट म्हणजे भुसावळच. जानेवारीत तिथे रात्री पारा एक आकडी उतरतो. टपावरच्या तंबूला खालून वारा लागतो, त्यामुळे जमिनीवरच्यापेक्षा तो जास्त गार. गादीखाली जाड फोमची चटई टाकली तेव्हा कुठे पाठ गरम झाली. गोधडी न्या, स्लीपिंग बॅगेवर विसंबू नका. आणि तंबूत शेगडी पेटवायचा विचारही नको, बंद जागेत विषारी वायू साठतो आणि झोपेतच घात होतो.

वर झोपण्याचा मोठा फायदा काट्यांपासून आणि सरपटणाऱ्यांपासून सुटका. कच्छभर वेडी बाभूळ माजली आहे, तिकडे तिला गांडो बावळ म्हणतात. तिचा काटा मेव्हण्याच्या तंबूच्या तळातून आणि त्याच्या हवेच्या गादीतूनही पार गेला. आमच्या एका टायरमध्येही घुसला. ट्यूबलेस पंक्चरचं किट सोबत होतं म्हणून निभावलं. फुरसं दोन्ही भागांत आहे. थंडीत ते फार फिरत नाही, तरी बूट शिडीच्या पायथ्याशी सोडायचे नाहीत, वर पिशवीत घ्यायचे.

टायरबद्दल. वाळूत शिरायच्या आधी हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली, डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरली. सिगारेट लायटरवर चालणारा पंप घेऊ नका, दोन टायरांत तापून बसतो. थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. आणि टपावर साठ किलो असताना टेकड्यांवर गाडी चढवायची नाही. आमची बोलेरो, मागच्या चाकांवर चालणारी. कडेने गेली तेवढं पुष्कळ. रणात तर आखलेला रस्ता सोडून चाक उतरवूच नका. वर मिठाचा पापुद्रा कोरडा दिसतो, खाली चिखल असतो. खावडा ते धोळावीरा रस्ता रणातून जातो, दोन्हीकडे पांढरं. तिथे गाडी थांबवून फोटो काढा, खाली उतरवून नको. घरी आल्यावर गाडीचा तळ दाबाच्या पाण्याने धुवून घेतला. मीठ लोखंड खातं.

जागेचा प्रश्न या तंबूने सुटत नाही. उलट वाढतो, कारण लांबूनच दिसतो. सीमाभाग आहे, उघड्यावर कुठेही मुक्काम करता येत नाही. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो. तनोटच्या पुढे सीमेकडे जायलाही परवानगी लागते. तनोटचं मंदिर सीमा सुरक्षा दल सांभाळतं. जाताना लोंगेवाला लागतं, जिथे डिसेंबर १९७१ची लढाई झाली. जैसलमेरच्या राष्ट्रीय मरू उद्यानात माळढोक आहे, तिथे आपल्या मनाने तंबू ठोकायचा प्रश्नच नाही. आपल्याकडे नान्नजला हाच पक्षी राखण्यासाठी अभयारण्य केलं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला तरी वेगळी समजावून सांगावी लागू नये. आम्ही सगळ्या रात्री कुणाच्या तरी अंगणात किंवा शेताच्या बांधावर काढल्या, विचारून, पैसे देऊन. सम म्हणजे जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांचं गर्दीचं ठिकाण, तिकडे गेलो नाही, तिथे रात्री डीजे वाजतो.

पाणी. माणशी रोज पाच लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून, आंघोळ सोडून. वीस लिटरचे दोन जार, एक कायम भरलेला. धोळावीऱ्याचे हौद बघताना हे गणित फार किरकोळ वाटलं. पाच हजार वर्षांपूर्वी वसलेलं हडप्पा संस्कृतीचं गाव, दोन पावसाळी ओढ्यांच्या मध्ये, आणि त्या ओढ्यांचं पाणी अडवून दगडी टाक्यांत भरायची सोय. २०२१ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पुढे जैसलमेरकडे खडीन बघितले. खडकाळ उतारावरून येणारं पावसाचं पाणी बांध घालून शेतात अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. मेव्हण्याच्या आजोबांची शेती पांझरेच्या फडात होती, म्हणजे नदीच्या बंधाऱ्याचं पाणी गावाने पाळीपाळीने वाटून घ्यायच्या पद्धतीत. तो त्या शेतकऱ्यापाशी तासभर बसला. पाळी कोण ठरवतं, बांध फुटला तर खर्च कोणाचा, आपल्या फडातले सगळे प्रश्न त्याने तिथे विचारले. हिंदी दोघांचीही यथातथाच. मी तोवर तंबूची धूळ झटकली.

जेवणात दोन दिवस दशम्या आणि ठेचा, मग शेगडी. उघड्यावर शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा हवा, नाहीतर अर्धा गॅस वारा नेतो. खुरीला यजमानांनी गोवऱ्यांच्या आरात बाटी भाजून दिली. बायकोचं मत, आपली वरण-बट्टी वरचढ. मी तटस्थ आहे.

एक कटकट जी विकत घेताना लक्षात येत नाही: दूध आणायला जायचं तरी सगळा संसार गुंडाळून गाडी न्यावी लागते. खालचा तंबू असेल तर तो तिथेच राहतो, गाडी मोकळी. शिवाय रात्री उठून शिडी उतरणं. साठीच्या पुढच्यांनी दुकानात चार वेळा चढून-उतरून बघावं.

घरी आल्यावरचे महिने. उन्हाळ्यात शेतात दोन रात्री वापरला आणि सोडून दिला. कापडाच्या आत हवा कोंडते, त्यापेक्षा गच्चीवरची खाट बरी. गाडी उन्हात उभी राहायची, त्यामुळे वरचं प्लॅस्टिकचं आवरण मे अखेरीस कडक आणि फिकट झालं. आता शेडमध्ये चेन-पुली लावून तंबू वर टांगून ठेवतो. पुली नसेल तर दर वेळी चार माणसं लागतात.

श्रावणात, आमच्या खानदेशातल्या कानबाईच्या सणाचा आठवडा सोडून, तोरणमाळला नेला. पाऊस आत आला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण ओलाच घडी करून आणला आणि दोन दिवस शेडमध्ये राहिला, तेवढ्यात कोपऱ्यात काळी बुरशी. वाळवल्याशिवाय घडी करून ठेवायचा नाही. घाटात वळणांवर वजन जाणवतं, वेग आपोआप कमी होतो.

बिघाड एकच, धुळीने झिप अडकायला लागली आणि जुलैत दात सुटले. दुकानदाराला फोटो पाठवले, उत्तर नाही. धुळ्यात बॅगा दुरुस्त करणाऱ्याने मोठ्या दातांची पितळी झिप बसवून दिली, मूळ झिपेपेक्षा चांगली. वाळवंटात नेणार असाल तर रोज सकाळी झिपेवरून कोरडा ब्रश फिरवा आणि मेणबत्ती घासा. तेल लावू नका, धूळ चिकटते.

दिवाळीनंतर मेव्हणा छोट्या रणाकडे रानगाढवं बघायला निघालाय. गोण्या त्याच्या त्याच घेतोय, तंबू मात्र माझा मागितलाय. मी भाडं सांगितलं तर तो म्हणाला, ताईला विचारतो.