गुडघेबदलासाठी भूल: कमरेतली की पूर्ण?
पर्वतीच्या पायऱ्यांवर गुडघे अडू लागलेल्या पुणेकर ज्येष्ठांना शस्त्रक्रियेपेक्षा भुलीचीच धास्ती अधिक वाटते. १८४६ मध्ये ईथरच्या जाहीर प्रयोगाने जगाला पटलेल्या पूर्ण भुलीत रुग्ण गाढ झोपतो, श्वासासाठी बहुधा घशातून नळी घालतात आणि जागे झाल्यावर मळमळ, घशाची खवखव जाणवू शकते.

कमरेतल्या भुलीत मणक्यांमधून बारीक सुईने ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध देतात. पाय आधी उबदार, मग जड होतात आणि दोन-तीन तास कमरेखाली वेदना जाणवत नाही. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून त्यावर सतत लक्ष ठेवतात. त्यातच किंचित मॉर्फिन मिसळल्यास पहिल्या रात्रीचे दुखणेही बरेच आवरते. अंगाला खाज मात्र सुटू शकते. माझा कौल कमरेतल्या भुलीलाच. परंतु रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास मणक्याजवळ रक्तस्रावाचा धोका असतो, म्हणून ती भूलतज्ज्ञांना आधीच सांगावी.