फुकटच्या किल्ल्याचं तिकीट

सोलापुरात दिवाळीच्या युरोप टूरचं बुकिंग घेताना कोटेशनमध्ये अशी एक ओळ घातलेली असते: ‘ड्युर्नश्टाइन कॅसल एंट्री, वाइन टेस्टिंग आणि डॅन्यूब क्रूझ’. एवढ्याशा ओळीत तीनदा हात मारला जातो.

आधी किल्ला. ऑस्ट्रियाच्या वाखाउ खोऱ्यात, क्रेम्स शहराजवळ ड्युर्नश्टाइन हे गाव आहे. इंग्लंडचा राजा रिचर्ड याला ११९२ मध्ये पकडून इथेच कोंडलं होतं. १६४५ मध्ये स्वीडिश सैन्याने गड उडवला, तेव्हापासून टेकडीवर पडक्या भिंती तेवढ्या उरल्या. तिकीटखिडकी नाही, प्रवेश फुकट. म्हणजे ‘एंट्री’ची रक्कम पहिल्या रुपयापासून खोटी.

त्याहून चलाख प्रकार म्हणजे वर न्यायचंच नाही. गाडी गडावर जात नाही. खडकाळ वाट, चढायलाच सुमारे अर्धा तास. बस चाळीस मिनिटं थांबवली की विषय संपला. मग गावातला ‘श्लॉस’ दाखवतात. श्लॉस म्हणजे राजवाडा, आणि त्यात आता हॉटेल आहे. जवळचा निळा मनोरा मठाचा. फोटो झकास येतात, आणि किल्ला डोक्यावरच्या टेकडीवर होता हे घरी आल्यावरही कळत नाही. म्हणून कोटेशनमध्ये ‘बुर्गरुइन’, म्हणजे पडका गड, हा शब्द आणि किमान दोन तासांचा थांबा लिहून घ्या. ‘फोटो स्टॉप’ असं लिहिलं असेल तर गड खालूनच बघायचा आहे.

डॅन्यूब नदीवरच्या क्रूझच्या नियमित बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. दिवाळी नोव्हेंबरात आली की बोटीऐवजी बस मिळते, पैसे मात्र बोटीचे. ब्रोशरमधल्या हिरव्यागार द्राक्षबागाही तेव्हा नसतात. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी चालते, तेव्हा तिकडे द्राक्षं तोडून होत आलेली असतात.

वाखाउच्या वाइनमध्येही प्रतवारी आहे: श्टाइनफेडर हलकी, फेडरश्पिल मधली, स्मारागड सर्वांत कडक. कोणती आणि किती ग्लास, हे ठरवल्याशिवाय ‘टेस्टिंग’ला काही अर्थ नाही.

ऑस्ट्रियाला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाची मूळ फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना शून्य. व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. ‘व्हिसा गॅरंटीड’ म्हणून जादा मागणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. निर्णय दूतावासाचा, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही.

पैसे कंपनीच्या खात्यावरच भरा, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नको. टीसीएस, म्हणजे परदेशी टूरच्या रकमेवर एजंटाने सरकारसाठी घेतलेला कर, कापला असेल तर पुढे तो आयकर खात्याच्या तुमच्या करपत्रकात (२६एएस) दिसतो का, हे बघा. दिसला नाही तर तो एजंटाच्याच खिशात राहिला असण्याची शक्यता मोठी.

फसल्यावर पहिला फोन १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला. एजंटचं ऑफिस पुण्या-मुंबईत असलं तरी तक्रार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. एजंटाला मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. सोबत मूळ कोटेशन जोडा, त्यांनी नंतर बदलून पाठवलेलं नव्हे.