नातेसंबंध शिक्षणासाठी निधी: सरकारी अनुदान, फाउंडेशन की भागीदारी?

तरुण मुलामुलींना नातेसंबंधांविषयी शिकवणाऱ्या कार्यक्रमासाठी पैसा शोधायला निघालं की पहिली अडचण येते ती नावाची. ‘नातेसंबंध शिक्षण’ या नावाने निघणारी अनुदानं फार थोडी. तोच अभ्यासक्रम कुठे हिंसाप्रतिबंधात बसतो, कुठे किशोरवयीन आरोग्यात, तर कुठे शालेय शिक्षणात. म्हणून कोणाकडे मागायचं याच्या आधी कोणत्या नावाखाली मागायचं ते ठरवा. देणारा हिशोबही त्याच नावाने मागतो.

एक सत्र घ्या: जोडीदार फोनचा पासवर्ड मागतो, तेव्हा नाही कसं म्हणायचं आणि समोरच्याचं ‘नाही’ कसं ऐकून घ्यायचं. हिंसाप्रतिबंधाचा निधी विचारेल, पाळत आणि धाक कमी झाला का? आरोग्याचा निधी विचारेल, मदत कुठे मिळते हे मुलांना कळलं का? शिक्षणाचा विचारेल, पुढच्या वर्षी शाळेतले शिक्षक हे सत्र स्वतः घेऊ शकतील का? सत्र तेच, पण तिन्ही प्रस्ताव वेगळे लिहावे लागतात.

सरकारी अनुदानाची ताकद म्हणजे रक्कम आणि मुदत. अमेरिकेत २००५ च्या कायद्याने निरोगी विवाह, नातेसंबंध आणि जबाबदार पितृत्व यांसाठी वर्षाला १५ कोटी डॉलरची तरतूद झाली, आणि त्यातून तरुणांचे कार्यक्रमही चालतात. पण अटी पाहा. सहभाग ऐच्छिक हवा, कौटुंबिक हिंसेच्या क्षेत्रातल्या तज्ज्ञांशी सल्लामसलत हवी, आणि सहभागींची माहिती सरकारच्याच संगणकप्रणालीत भरायची. युरोपीय संघाच्या नागरिक, समता, हक्क आणि मूल्ये यांसाठीच्या ‘सीईआरव्ही’ (CERV) कार्यक्रमातल्या डॅफ्ने शाखेत हिंसाप्रतिबंधाला पैसा मिळतो, मात्र साधारणपणे खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंतच. उरलेले दहा टक्के कुठून आणणार हे अर्जाच्या दिवशीच माहीत असायला हवं.

सरकारी पैशाबरोबर मजकूरही येतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अमेरिकेचंच उदाहरण: एकाच खात्याच्या दोन योजना. ‘प्रेप’ (PREP) या किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाच्या योजनेत शरीरसंबंधांबाबत संयम आणि गर्भनिरोधन दोन्ही शिकवायचं, शिवाय प्रौढ जीवनाच्या तयारीच्या सहा विषयांपैकी किमान तीन घ्यायचे. निरोगी नातेसंबंध हा त्या सहांतला एक. दुसऱ्या, लैंगिक जोखीम टाळण्याच्या योजनेत भर आहे तो विवाहाबाहेरच्या शरीरसंबंधांपासून दूर राहण्यावर. दोन्ही जाहिरातींत निरोगी नात्यांचा उल्लेख सापडेल, पण वर्गात उभं राहून बोलायचं ते फार वेगळं. उद्दिष्टांचं पान वाचून थांबू नका. काय शिकवणं बंधनकारक आहे आणि काय वर्ज्य, ते कलम शोधा.

खाजगी फाउंडेशनचं गणित उलटं. रक्कम लहान, मुदत बहुधा वर्षा-दोन वर्षांची, पण दोन पानी टिपणावर बोलणं सुरू होऊ शकतं आणि अभ्यासक्रम मधेच सुधारायला वाव मिळतो. नवा प्रयोग करून पाहायचा असेल तर पैसा इथलाच बरा. धोका एवढाच, की विश्वस्तांचा प्राधान्यक्रम बदलला की चांगलं चाललेलं कामही अडकतं. त्यामुळे पहिल्या हप्त्याबरोबरच पुढच्या देणगीदाराचा शोध सुरू ठेवा. कंपन्यांच्या निधीत एक दिवसाचा कार्यक्रम सहज बसतो. वर्षभराच्या वर्गांसाठी मी त्यावर विसंबणार नाही.

तिसरी वाट फारसं कोणी निवडत नाही, आणि लहान संस्थेला मी तीच आधी सुचवेन: शाळा, विद्यापीठ किंवा आधीच अनुदान मिळालेल्या मोठ्या संस्थेबरोबर भागीदारी. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत ‘फोर्थ आर’ हा निरोगी नातेसंबंधांचा अभ्यासक्रम नववीच्या आरोग्य-शारीरिक शिक्षणाच्या तासातच बसवला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २० शाळांतले १,७२२ विद्यार्थी होते. अडीच वर्षांनंतर जोडीदाराला मारहाण केल्याचं प्रमाण नेहमीच्या वर्गांत ९.८ टक्के, तर या वर्गांत ७.४ टक्के आढळलं. तास शाळेचा आणि शिकवणारे शाळेचेच शिक्षक, म्हणजे पैसा मुख्यतः प्रशिक्षण आणि साहित्याला लागतो. शिवाय तपासलेला अभ्यासक्रम घेतला की ‘पुरावा काय?’ या रकान्याला उत्तर तयार असतं; परवान्याचा खर्च तेवढा अंदाजपत्रकात धरा. तोटाही खरा आहे: श्रेय आणि निर्णय दोन्ही वाटून घ्यावे लागतात.

संस्थेकडे लेखापरीक्षण झालेले दोन-तीन वर्षांचे ताळेबंद नसतील, हिशोबाला पूर्णवेळ माणूस नसेल, तर मोठ्या सरकारी अनुदानाच्या मागे आत्ताच लागू नका. मोठ्या संस्थेच्या अनुदानात उपसंस्था म्हणून सामील व्हा, सत्राआधीची आणि नंतरची प्रश्नावली नीट भरून घेण्याची सवय लावा. ती आकडेवारी हाताशी आली की स्वतःच्या नावाने अर्ज करा.

तिन्ही वाटांवर एक ओळ मात्र अंदाजपत्रकातून काढू देऊ नका: समुपदेशकाचं मानधन. नात्यांवर मोकळेपणाने बोलणं झालं की सत्र संपल्यावर एखादी मुलगी किंवा मुलगा मागे रेंगाळतो आणि स्वतःवर होत असलेल्या मारहाणीबद्दल सांगतो. त्या वेळी प्रशिक्षित माणूस तिथे हवाच, पालकांना आणि यंत्रणेला केव्हा कळवायचं याची लेखी पद्धत हवी, आणि मुलांची नावं देणगीदाराच्या अहवालात जाणार नाहीत असं करारात नमूद हवं. हा खर्च ‘अप्रत्यक्ष’ म्हणून कापणाऱ्याशी भांडा. तरीही तो तयार नसेल, तर तो निधी सोडून द्या.