कासदाह (गाईच्या कासेची सूज) ओळखायला ट्रे बरा की मीटर?
इंदूरच्या आमच्या गोठ्यात दोन्ही वापरून झालं. ट्रेची चाचणी म्हणजे सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट), १९५७ सालची. चार कप्प्यांच्या ट्रेत चारही सडांचं दूध वेगवेगळं पिळायचं, तितकंच द्रावण घालून गोल फिरवायचं. दुधात पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर द्रावण त्या फोडतं आणि आतल्या डीएनएमुळे दूध चक्क शेंबडासारखं होतं. गाय खातीपिती, दूध स्वच्छ, तरी बिघडलेलं सड सापडतं. तेही आईचे पोहे होईपर्यंत!

मीटर विद्युतवाहकता मोजतो. कास सुजली की दुधात सोडियम, क्लोराइड वाढतात. द्रावण लागत नाही. पण आकडा गायीगणिक बदलतो, म्हणून तिचीच चार सडं आपसात ताडायची.

मी ट्रेवरच. फक्त नुकत्याच व्यालेल्या गाईला नको, चीकही घट्ट होतो.